साठवण-यंत्रांच्या चाचणीतील कृत्रिम कार्यभार : एक चिकित्सा

संगणकाची साठवण-यंत्रे, म्हणजे हार्ड डिस्क व एसएसडी, यांची योग्यता आज बहुधा एका आकड्याने सांगितली जाते. 'प्रतिसेकंद दहा लक्ष क्रिया' अशा स्वरूपाचा हा आकडा त्या वस्तूचा अंगभूत गुण मानून खरेदी होते. वस्तुतः तो यंत्र आणि त्यावर टाकलेला कार्यभार या दोहोंच्या संबंधाचा निदर्शक असतो. चाचणीतील हा कार्यभार बहुधा प्रत्यक्ष वापरातून आलेला नसतो. तो एखाद्या आज्ञावलीने रचलेला, म्हणजे कृत्रिम असतो. या रचनेत कोणती गृहीते अंतर्भूत असतात व ती कितपत समर्थनीय आहेत, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. हा प्रश्न केवळ अभियंत्यांचा नाही. रचलेले उदाहरण आणि प्रत्यक्ष प्रयोग यांतील अंतर हा भाषाशास्त्राचा जुना विषय आहे. शिवाय या चाचण्यांतील एक महत्त्वाचे साधन भाषेच्या अभ्यासातूनच आलेले आहे.

विवेचनासाठी एक प्रत्यक्ष उदाहरण समोर ठेवणे इष्ट आहे. महाराष्ट्राच्या महसूल खात्याने जुने सातबारा उतारे, फेरफार व तत्सम अभिलेख यांच्या प्रतिमा घेऊन त्या संगणकाद्वारे उपलब्ध केल्या आहेत, आणि त्यांत अमरावती व अकोला या वऱ्हाडातील जिल्ह्यांचा समावेश आहे. अचलपूर तालुक्यातील एखाद्या शेतकऱ्यास आजोबांच्या वेळचा फेरफार हवा असल्यास जिल्हा, तालुका, गाव या क्रमाने त्याचा शोध घेता येतो. अशा संग्रहाच्या वापराचे स्वरूप साधारणपणे निश्चित असते. लेखन एकदाच, सलग व मोठ्या प्रमाणावर होते. वाचन वारंवार व विखुरलेले होते. मागितलेली प्रतिमा जशी ठेवली होती तशीच परत मिळणे, ही त्यातील पहिली अट असते. असा संग्रह ज्या यंत्रावर ठेवावयाचा, त्याची निवड प्रचलित चाचणीच्या आधारे करता येईल काय?

प्रथम त्या दहा लक्षांचाच विचार करावा. हा आकडा सामान्यतः ४ किलोबाइटांच्या लहान खंडांवर, अनेक मागण्या एकाच वेळी प्रलंबित ठेवून मिळविलेला असतो. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेल्या नियमानुसार प्रलंबित मागण्यांची सरासरी संख्या ही मागण्या पूर्ण होण्याचा वेग व प्रत्येकीस लागणारा सरासरी काळ यांच्या गुणाकाराइतकी असते. समजा, एका वाचनास ८० मायक्रोसेकंद लागतात. एक मागणी पुरी झाल्यावरच दुसरी करणाऱ्यास त्या यंत्रापासून सेकंदास १२,५०० वाचने मिळतील. तोच काळ कायम राहिला असे धरले, तरी दहा लक्षांचा वेग गाठण्यासाठी ८० मागण्या सतत प्रलंबित असाव्या लागतील. म्हणजे यंत्र तेच, मात्र दोन विधानांत ८० पटींचे अंतर. कार्यालयात एकेक उतारा मागणाऱ्या कारकुनाच्या दृष्टीने पहिले विधान अर्थपूर्ण आहे. दुसऱ्याचा त्याच्या कामाशी काही संबंध नाही.

यावरून कृत्रिम कार्यभार मुळातच त्याज्य आहे, असा निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. वैयाकरण 'राम आंबा खातो' असे वाक्य रचतो, तेव्हा असे वाक्य कोणी केव्हा उच्चारले याची त्यास पर्वा नसते. कर्ता, कर्म व क्रियापद यांचा संबंध वेगळा काढून दाखविणे हा त्याचा उद्देश असतो. कृत्रिम कार्यभाराचे बलस्थान नेमके हेच आहे. एक घटक बदलून बाकीचे स्थिर ठेवता येतात आणि प्रयोग पुन्हा करता येतो. प्रत्यक्ष वापराची नोंद हीही निर्दोष नसते. जुन्या, मंद यंत्रावर घेतलेल्या नोंदीत त्या यंत्राच्या मंदपणामुळे पडलेली अंतरेही उमटलेली असतात. शिवाय कोणी कोणाच्या जमिनीचा उतारा मागितला, याची नोंद दुसऱ्याच्या हाती देणे उचित नाही. दोष रचण्यात नाही. रचलेल्या वाक्यांवरून भाषेतील शब्दांची वारंवारता ठरवावी, तसा रचलेल्या कार्यभारावरून वापराचा निर्णय करण्यात तो आहे.

वारंवारतेचा हा मुद्दा या क्षेत्रात अक्षरशः लागू पडतो. येन्स आक्सबो यांनी रचलेली 'एफआयओ' ही आज्ञावली या कामी सर्वत्र वापरली जाते. तिच्यात विखुरलेले वाचन निवडले आणि अन्य काही सांगितले नाही, तर ती सर्व खंड समान मानते व प्रत्येक खंडास एकदा स्पर्श झाल्याखेरीज कोणत्याही खंडाकडे पुन्हा वळत नाही. कोशातील प्रत्येक शब्द एकदा येऊन गेल्यावाचून कोणताही शब्द दुसऱ्यांदा न योजणारा ग्रंथ कल्पावा, तसा हा प्रकार आहे. हार्वर्डचे भाषाभ्यासक जॉर्ज किंग्जली झिफ यांनी १९३५ व १९४९ च्या ग्रंथांत दाखविले की, थोडे शब्द अतिशय वारंवार येतात आणि बहुसंख्य शब्द क्वचित येतात. त्यांच्याच नावाचे वितरण या आज्ञावलीत पर्याय म्हणून उपलब्ध आहे. तथापि नाव झिफचे घेतल्याने वापर भाषेसारखा होतो असे नाही. हा पर्याय निवडल्यास वारंवार लागणारे खंड साठ्यात सर्वत्र विखुरले जातात. अभिलेखांत मात्र एका गावची कागदपत्रे शेजारी-शेजारी असणे संभवते. त्यासाठी याच आज्ञावलीत विभागवार वितरण सांगण्याची सोय आहे. उदाहरणार्थ, शेकडा ६० मागण्या पहिल्या दशांशावर, ३० पुढील पंचमांशावर, याप्रमाणे. तिचा उपयोग करावयाचा तर प्रथम संग्रहाची रचना माहीत असावी लागते.

दुसरे गृहीत लिहिल्या जाणाऱ्या मजकुराविषयी आहे. काही यंत्रे मजकूर साठविण्यापूर्वी तो आकुंचित करतात. २०१० च्या सुमारास प्रचारात आलेल्या सँडफोर्स नियंत्रकांचे हे वैशिष्ट्य होते. अशा यंत्रावर केवळ शून्ये लिहिली तर वेग फार मोठा दिसतो. यदृच्छ अंक लिहिले तर तो घटतो. मराठी मजकूर या दोहोंच्या मध्ये येतो. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. त्यांतील पहिला सदैव एकच असतो आणि दुसऱ्यास दोनच पर्याय असतात. साहजिकच असा मजकूर पुष्कळ आकुंचित होतो. याउलट त्याच मजकुराच्या पानाची प्रतिमा बहुधा आधीच आकुंचित केलेली असते व ती आणखी फारशी आकुंचित होत नाही. म्हणजे लिप्यंतर केलेला फेरफार आणि त्याची प्रतिमा हे साठवणीच्या दृष्टीने दोन भिन्न पदार्थ ठरतात. चाचणीत त्यांचे प्रमाण सांगितले नसेल, तर निकाल कोणत्या पदार्थाचा हे कळत नाही.

तिसरे गृहीत यंत्राच्या अवस्थेचे. कोरी एसएसडी आणि भरलेली एसएसडी यांचे वर्तन भिन्न असते. पुष्कळ यंत्रांत आरंभीचे लेखन एका लहान, जलद भागात होते. तो भरला की वेग एकदम उतरतो. अल्पकाळाच्या चाचणीस ही उतरण दिसतच नाही. 'स्निया' या साठवण-उद्योगाच्या संघटनेने तयार केलेली चाचणी-संहिता या बाबतीत आदर्शवत् आहे. यंत्र प्रथम पूर्ण पुसावे, मग त्याच्या क्षमतेच्या दुप्पट सलग लेखन करावे आणि त्यानंतर पाच फेऱ्यांतील चढउतार सरासरीच्या २० टक्क्यांच्या आत व कल १० टक्क्यांच्या आत येईपर्यंत मोजमाप ग्राह्य धरू नये, असा तिचा दंडक आहे. मात्र तिच्या मुख्य चाचणीतील वाचन-लेखनाची ७ प्रमाणे आणि खंडांचे ८ आकार मिळून होणारे ५६ प्रसंग हे व्याकरणातील रूपावलीसारखे आहेत. सर्व रूपे त्यांत येतात. कोणते रूप बोलण्यात किती येते, हे त्यांवरून समजत नाही. एकदा लिहून वर्षानुवर्षे वाचावयाच्या संग्रहास सततच्या विखुरलेल्या लेखनाने थकलेल्या यंत्राचा आकडा फारसा उपयोगी नाही.

चौथे गृहीत सर्वांत सूक्ष्म आहे. सामान्य कृत्रिम कार्यभारात मागील मागण्या पूर्ण झाल्या की मगच पुढील मागणी जाते. यंत्र क्षणभर अडखळले तर मागण्याही थांबतात, आणि त्या अवधीत खोळंबले असते त्यांची गणना होत नाही. बियांका श्रोडर व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखविले की, अशी बंदिस्त रचना आणि स्वतंत्रपणे येणाऱ्या मागण्यांची खुली रचना यांचे निकाल अत्यंत भिन्न येऊ शकतात. खरिपाच्या पीककर्जासाठी उतारे मागणारे लोक यंत्राची गती पाहून येत नाहीत. त्यांच्यासाठी मागण्यांचा वेग बाहेरून ठरवून द्यावयास हवा, आणि सरासरीऐवजी शंभरातील सर्वांत रखडलेल्या मागणीस किती वेळ लागला हे सांगावयास हवे.

या गृहीतांचा उच्चार न करण्याची सवय विद्वानांतही आढळते. ट्रेगर, झडोक व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये १०६ शोधनिबंधांतील ४१५ चाचण्यांचे परीक्षण केले, तेव्हा बहुतेक लोकप्रिय चाचण्या सदोष आणि अनेक निबंधांतील निकाल खऱ्या कार्यक्षमतेविषयी अस्पष्ट असल्याचे त्यांस आढळले. एफआयओमध्ये तर साधी बाब विसरली तरी अनर्थ होतो. संगणकाच्या स्मृतीस वगळण्याची सूचना दिली नाही आणि चाचणीची फाइल लहान असली, तर मापन साठवण-यंत्राचे न होता स्मृतीचे होते. आकडा मात्र साठवण-यंत्राच्या नावे जातो.

तेव्हा चाचणीच्या निवेदनात मागण्यांची संख्या व त्यांच्या आगमनाची रीत, खंडांचा आकार, स्थानांचे वितरण, मजकुराचे स्वरूप आणि यंत्राची पूर्वावस्था यांचा उल्लेख आकड्याइतकाच आवश्यक मानला पाहिजे. अभिलेखांच्या बाबतीत आणखी एका गोष्टीची भर घालावी लागेल. एफआयओमध्ये लिहिलेला मजकूर परत वाचून पडताळण्याची सोय आहे, परंतु वेगाच्या स्पर्धेत ती बहुधा बंद ठेवली जाते. जमिनीच्या कागदाला अर्धा सेकंद उशीर झाला तर मालकाचे फारसे बिघडत नाही. त्यातील एक अंक बदलला तर बिघडते. ही पडताळणी चालू ठेवून मिळालेला आकडा लहान असेल, आणि खरेदीच्या वेळी तोच मागावयास हवा. पुढे या प्रतिमांवरून मजकूर काढून त्यात शब्दशोध सुरू झाला, तर मोठ्या प्रतिमांच्या वाचनाची जागा असंख्य लहान वाचने घेतील, आणि आज योग्य ठरलेली रचना त्या दिवशी नव्याने करावी लागेल.