‘ट्रिस्टन’मधील एक स्वरसंघात

रिचर्ड वॅग्नर याच्या ‘ट्रिस्टन उंड इझोल्डे’ या संगीतनाटकाचा पहिला प्रयोग म्युनिक येथें १८६५ सालीं झाला. त्याच्या प्रास्ताविक वादनांतील पहिला स्वरसंघात म्हणजे निव्वळ ‘हाफ-डिमिनिश्ड सेव्हन्थ’ होय, असें कित्येक पंडित म्हणतात. पेटीवर सा, कोमल ग, तीव्र म व कोमल नि हे स्वर एकदम दाबले असतां तो उमटतो. तेव्हां पट्ट्यांच्या हिशेबानें पंडितांचें म्हणणें खोटें नव्हे. परंतु भूप आणि देशकार यांचेहि स्वर तेच असतात. चलन निराळें म्हणून राग निराळे. येथेंहि वरचा स्वर अर्ध्या अर्ध्या स्वरानें चढतो, खालचा उतरतो, आणि दोघे जेथें पोंचतात तो संघातहि अस्थिरच! विसाव्याची आशा दाखवून विसावा नाकारणें, हेंच त्याचें कार्य. ही तृष्णा तिसऱ्या अंकाच्या अखेरीस, इझोल्डेच्या अंतकाळींच, शमते. म्हणून आमचें रसिकांस सांगणें इतकेंच कीं, नांव अवश्य शिकावें. पण संघात कोठून आला व कोठें जातो, हें ऐकल्यावांचून तो कळला असें मानूं नये.