‘लॉजिकल फाइल’ आणि ‘व्ह्यू’ : पारिभाषिक समानार्थाची मर्यादा

आयबीएमने १९८८ मध्ये आणलेल्या एएस/४०० या मध्यम श्रेणीच्या व्यावसायिक संगणकप्रणालीत परिभाषेच्या दोन परंपरा रूढ झाल्या. जुनी परंपरा ज्यांना फिजिकल फाइल, रेकॉर्ड व फील्ड म्हणते, त्यांनाच एसक्यूएलमध्ये टेबल, रो व कॉलम म्हणतात. या जोड्या बहुतांशी जुळतात. ‘लॉजिकल फाइल’ला मात्र ‘व्ह्यू’ हा प्रतिशब्द अपुरा ठरतो. लॉजिकल फाइल नोंदी निवडते, शिवाय त्यांचा क्रमही राखू शकते. व्ह्यूला स्वतःचा क्रम नसतो, तो ‘ऑर्डर बाय’ने मागावा लागतो. सबब परिभाषाकोशात एकास एक प्रतिशब्द देणे पुरेसे नाही. कार्यभेदाची नोंद नसेल, तर विद्यार्थ्याची क्वेरी निर्दोष दिसूनही अहवालाचा क्रम चुकू शकतो.