पायाचा ताल आणि वाकड्या धुना

क्युबेकच्या लोकसंगीतात आयर्लंड किती आणि फ्रान्स किती, हा हिशेब मांडायला बसणाऱ्याची पहिल्याच रील-धुनेला पंचाईत होते. एकाने ओळ म्हणायची आणि साऱ्यांनी ती उचलायची, ही गाण्याची रीत फ्रान्सहून आलेली. नाचाच्या धुना मात्र बऱ्याचशा आयरिश-स्कॉटिश वळणाच्या. आणि या दोहोंखाली पाय! खुर्चीवर बसून फिडल वाजवणारा वादक टाचा-चवड्यांनी लाकडी जमिनीवर असा ठेका धरतो की वेगळे तालवाद्य लागतच नाही.

ही सरमिसळ कुणी ठरवून केली नाही. दुष्काळामुळे आयर्लंडहून निघालेली जहाजे १८४७ साली सेंट लॉरेन्स नदीतल्या ग्रोस-इल बेटावर विलगीकरणासाठी थांबवली गेली. त्या एका वर्षात तिथे पाच हजारांहून अधिक माणसे पुरली गेली. मागे राहिलेली कित्येक अनाथ मुले फ्रेंच कुटुंबांनी सांभाळली. आयरिश आणि फ्रेंच दोघेही कॅथलिक, त्यामुळे सोयरिकीही जुळल्या. गास्पेची मेरी ट्रॅव्हर्स, म्हणजेच लोकप्रिय गायिका ला बोल्ड्यूक, अशाच घरातली: वडील आयरिश वंशाचे, आई फ्रेंच-कॅनेडियन. १९२९पासून गाजलेल्या तिच्या तबकड्यांत कडव्यांच्या अधेमधे निरर्थक अक्षरांची चपळ फिरत येते. आयर्लंडमध्ये वाद्य नसताना तोंडानेच नाचाची धून गातात, त्याचीच ती सख्खी बहीण.

तबकड्यांनी आणखी एक काम केले. माँट्रियलमध्ये टॅक्सी चालवणारा जाँ कारिन्याँ जोसेफ अलारकडे शिकला, आणि स्लायगोच्या मायकेल कोलमनने न्यूयॉर्कमध्ये ध्वनिमुद्रित केलेले वादन त्याने ऐकून-ऐकून आत्मसात केले. गजाची आयरिश नजाकत त्याने कसून उचलली, पण पाय क्युबेकचेच राहिले. या संगमाचे शिखर मी त्यालाच मानतो. उलट दिशेनेही देवाणघेवाण झाली: क्युबेकची ‘सेंट अ‍ॅन्स रील’ आज आयरिश बैठकांतही सहज वाजते.

१९७६मध्ये सुरू झालेल्या ‘ला बोतीन सूरियांत’ या क्युबेकच्या गटाने पुढे ब्रास वाद्यांचा ताफा जोडला, तरी पाय सोडले नाहीत. ‘ल व्हाँ द्यू नॉर’ या गटाच्या वादनातही तो ठेका ठामपणे ऐकू येतो. आजच्या वादकांची तयारी दांडगी आहे, यात शंकाच नाही. मला काळजी आहे ती वाकड्या धुनांची. क्युबेकच्या जुन्या धुनांत एखादी मात्रा अचानक वाढते किंवा गळते. एकट्याने वाजवणाऱ्याला ते सहज साधते. आयरिश बैठकीत दहा जण एकत्र वाजवतात, तिथे प्रत्येक आवर्तन सरळ लागते. मग मिश्र कार्यक्रमांत ती वाढीव मात्रा छाटली जाते, वरून गती वाढवली जाते. टाळ्या मिळतात, पण धुनेचा कणा मोडतो.

हे अटळ नाही. बासरीवादक ग्रे लार्सन आयरिश संगीतात मुरलेला, गिटारवादक आंद्रे मार्शां क्युबेकचा. ‘द ऑरेंज ट्री’ या अल्बममध्ये दोघे एकमेकांना जागा देतात. कुणीही कुणाच्या वळणाला इस्त्री करत नाही. ‘केल्टिक फिडल फेस्टिव्हल’ या फिडलवादकांच्या गटात आयरिश शैलीच्या केव्हिन बर्कच्या शेजारी क्युबेकचा आंद्रे ब्रुने बसला, तेव्हा तोही आपला ठेका घेऊनच आला. महोत्सव भरवणाऱ्यांनी अशा वादकांना पायाखाली चांगली लाकडी फळी द्यावी, तिला स्वतंत्र माइक लावावा आणि वाकडी धून वाकडीच वाजवायला पुरेसा वेळ ठेवावा.