रोजच्या भाकरीचा प्रश्न : पंडिता रमाबाई व लक्ष्मीबाई टिळक यांच्या आत्मपर लेखनातील ईश्वरावलंबन

दैनंदिन गरजांची चिंता देवावर सोपविणे हे ख्रिस्ती श्रद्धेत आध्यात्मिक परिपक्वतेचे लक्षण मानले जाते. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायातील पाखरांचा व रानफुलांचा दाखला आणि त्याच अध्यायात येणाऱ्या प्रभूच्या प्रार्थनेतील रोजच्या भाकरीची मागणी, हा या धारणेचा आधार होय. मराठी ख्रिस्ती आत्मपर वाङ्मयाची चर्चा करताना ही धारणा बहुधा भक्तिभावाच्या सदरात टाकून दिली जाते. वस्तुतः मराठीत 'भाकर' हा शब्द उच्चारला की जाते, चूल आणि थापणारे हात ओघानेच येतात. पुणे-सातारा मार्गावरील किकवी परिसरातही 'चोच दिली तो चारा देईल' असे म्हणतात. म्हणून भातलावणी कोणी थांबवीत नाही. देवाने पुरवायचे काय आणि माणसाने करायचे काय, या प्रश्नाच्या अनुषंगाने प्रस्तुत लेखात दोन लेखिकांचा परामर्श घेतला आहे.

शारदा सदन (१८८९) स्थापणाऱ्या बुद्धिनिष्ठ रमाबाई केडगावी जाऊन भाविकतेत हरवल्या, असे त्यांच्याविषयी एक मत रूढ आहे. या मताची अडचण अशी की ते केवळ उत्तरायुष्याकडे पाहते. १८९७ मध्ये, दुष्काळ चालू असताना, रमाबाईंनी आपल्या पूर्वीच्या दुष्काळानुभवांचे निवेदन इंग्रजीत लिहिले. अनंतशास्त्री डोंगरे यांचे कुटुंब पुराणे सांगत तीर्थे फिरत होते. जवळचे द्रव्य दानधर्म व पूजाअर्चेत संपले, अंगमेहनतीचे काम कोणास येत नव्हते आणि देव पाहून घेईल या भरवशावर उपास व अनुष्ठाने चालली. रानातील पाल्यावर दिवस काढावे लागले. १८७४ मध्ये वडील, पाठोपाठ आई आणि पुढे थोरली बहीण मृत्यू पावली. रमाबाई तेव्हा सोळा-सतरा वर्षांच्या होत्या. ईश्वरावलंबनाचे फोल ठरलेले रूप ज्या व्यक्तीने इतक्या जवळून पाहिले, तिने पुन्हा त्याच वाटेने का जावे?

उत्तर मुक्ती मिशनच्या रचनेत सापडते. शारदा सदनास अमेरिकन रमाबाई असोसिएशनने दिलेल्या दहा वर्षांच्या साहाय्याची मुदत १८९८ मध्ये संपली. तत्पूर्वीच १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून सुमारे ३०० मुली त्यांनी आणल्या होत्या. ब्रिस्टलचे अनाथालयचालक जॉर्ज म्यूलर यांचे चरित्र रमाबाईंनी वाचले होते; माणसापाशी न मागता केवळ देवापाशी मागावे, ही म्यूलर यांची रीत. मात्र केडगावी प्रार्थनेच्या बरोबरीने विहिरी खणल्या गेल्या, शेती झाली, माग चालले, छापखाना उभा राहिला. वडिलांच्या घरात नसलेली गोष्ट, म्हणजे हाताला काम, येथे श्रद्धेच्या पोटातच बसविलेली आहे. म्यूलर यांच्या अनुकरणापेक्षा १८७४ च्या उपासमारीची स्मृती येथे अधिक प्रभावी दिसते, असे मला वाटते.

तथापि १९०७ च्या इंग्रजी साक्षपर लेखनात हा ताण बराच निवळतो. साक्ष या वाङ्मयप्रकाराचा साचाच असा की गरज, प्रार्थना आणि पुरवठा या क्रमाने प्रत्येक प्रसंग पूर्ण व्हावा. न पुरविल्या गेलेल्या गरजेला तेथे जागा राहत नाही. पित्याच्या मृत्यूचा विसर रमाबाईंना पडला असे नव्हे, पण निवेदनाची दिशा आधीच ठरलेली असते. वाङ्मयीन दृष्ट्या १८९७ चे निवेदन मला अधिक प्रामाणिक वाटते.

लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'त (१९३४ पासून भागशः प्रसिद्ध) हा साचा नाही. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले नारायण वामन टिळक हाती पैसा आला की देऊन मोकळे होत. त्यांची उद्याविषयीची बेफिकिरी धर्मांतरापूर्वीपासूनची; ख्रिस्ती श्रद्धेने तिला अधिष्ठान दिले इतकेच. पण त्या श्रद्धेचा रोजचा खर्च कोणाच्या पदराला पडला, हे पतीच्या काव्यातून कळत नाही, ते पत्नीच्या गद्यातून कळते. भरवसा ठेवणारा एक आणि डब्यातले पीठ पाहणारी दुसरी, अशी ही विभागणी आहे. लक्ष्मीबाई तक्रारीचा सूर लावीत नाहीत. त्या विनोद करतात, आणि तो विनोदच येथे समीक्षेचे काम करतो. टिळकांच्या निष्ठेची थोरवी त्यांना मान्य आहे. त्या निष्ठेपायी झालेली घरची ओढाताणही त्या लपवीत नाहीत. स्वतः श्रद्धावंत असलेल्या लेखिकेने हे दोन्ही एकाच परिच्छेदात मांडावे, ही मराठी ख्रिस्ती वाङ्मयातील दुर्मीळ गोष्ट होय.

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनची पगारी नोकरी सोडून ख्रिस्ती संन्यास स्वीकारला आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' स्थापिला. ईश्वरावलंबनाचा हा मराठी मातीतला आविष्कार म्हणून गौरविला जातो, आणि ते योग्यच आहे. परंतु संन्याशाची भिक्षा आणि गृहिणीचा संसार हे दोन वेगळे आश्रम. टिळकांनी ते एकाच छपराखाली आणले. १९१९ मध्ये टिळक गेले. त्यांचे 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले होते. त्याचा उरलेला बहुतेक भाग पुढे लक्ष्मीबाईंनी लिहिला.