दुसऱ्या एन्ट्रीची टाळी

1942 साली 'जंग-ए-आझादी'च्या सेटवर मास्टर भगवान, म्हणजे भगवानदादा, यांना ललिता पवार यांच्या थोबाडीत मारायची होती. हात जोरात बसला. चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली, उपचार लांबले आणि डावा डोळा कायमचा अधू झाला. येवल्यात जन्मलेली, मूकपटांच्या काळापासून पडद्यावर असलेली, 'दुनिया क्या है'सारखा चित्रपट स्वतः काढण्याची धमक असलेली ही नटी वयाच्या सव्विसाव्या वर्षी नायिकेच्या कामातून बाद झाली. तेव्हाच्या हिशेबानं तिचं करिअर तिथंच संपायला हवं होतं.

पण 1944 मध्ये 'प्रभात'चा 'रामशास्त्री' आला आणि त्यात ललिताबाई आनंदीबाई झाल्या. 'ध'चा 'मा' करणारी म्हणून मराठी मनात पक्की बसलेली बाई. नायिकेच्या चेहऱ्याला जे वैगुण्य ठरलं असतं, ते आनंदीबाईच्या चेहऱ्याला धार देऊन गेलं. पुढं चार दशकं हिंदी पडद्यावरची खाष्ट सासू म्हणजे ललिता पवार हे समीकरण झालं आणि 1987 मध्ये दूरदर्शनच्या 'रामायणा'त मंथरा कोण, हा प्रश्न पडावा अशी परिस्थितीच उरली नाही. मात्र त्यांचं मोठेपण निव्वळ खलनायिकेत नाही. 'श्री 420' मधली केळी विकणारी गंगामाई आठवावी, किंवा 'अनाडी' (1959) मधली मिसेस डीसा. भाड्यासाठी राज कपूरवर डाफरणारी ही घरमालकीण आधी त्या बारीक झालेल्या डोळ्यानं धाक घालते आणि मग त्याच डोळ्यातून माया झरायला लागते. प्रेक्षकाला तो डोळा घाबरवण्यासाठीच असतो हे ठाऊक झालेलं असतं, म्हणून ती माया अंगावर येते. या भूमिकेला फिल्मफेअर मिळालं.

पडत्या काळातून उठलेल्या नटांच्या कहाण्या आपल्याकडं जिद्द, नशीब आणि देवाची कृपा या तीन शब्दांत सांगून मोकळं होण्याची पद्धत आहे. जिद्द लागतेच. पण जिद्दीनं पुनरागमन होत असतं, तर भगवानदादांचंही झालं असतं. 1951 च्या 'अलबेला'नं त्यांना वैभवाच्या शिखरावर नेलं. जुहूचा बंगला आला, गाड्या आल्या. पुढचे चित्रपट पडले आणि बंगला-गाड्या गेल्या. गिरणीत कामगार म्हणून सुरुवात केलेला हा माणूस अखेर दादरच्या चाळीत परतला. काम त्यांनी कधीच थांबवलं नाही. मिळेल ती भूमिका केली, गर्दीतल्या नाचातही उभे राहिले. त्यांच्या नाचाची ढब पुढच्या पिढीतल्या नटांनी, अमिताभ बच्चननंही, उचलली आणि त्यावर थिएटरं डोलली. पण खुद्द भगवानदादांसाठी कुणी नवी भूमिका लिहिली नाही. 2002 मध्ये ते गेले तेव्हा त्यांची ओळख 'अलबेला'वाले भगवान एवढीच राहिली होती. थप्पड मारणारा आणि खाणारी यांच्यात कष्टाची किंवा गुणांची तफावत नव्हती. ललिताबाईंचं बदललेलं रूप कुणाला तरी दिसलं आणि त्या रूपाला साजेशी भूमिका त्यांच्यापर्यंत पोहोचली. भगवानदादांकडून लोकांना शेवटपर्यंत तीच जुनी पावलं हवी होती.

म्हणून पुनरागमनाचा विचार नटाकडून न करता भूमिकेकडून करावा. जुना चेहरा परत मिळवून कुणी परतत नाही. जे गमावलंय, मग ते वय असो, पराभव असो वा लोकांनी फिरवलेली पाठ, तेच ज्या भूमिकेच्या कामी येतं, ती नटाला परत आणते.

राजेश खन्नाला अशी भूमिका मिळाली होती. 1983 चा 'अवतार'. मुलांनी घराबाहेर काढलेला, हात निकामी झालेला बाप. खन्ना तेव्हा नुकता चाळिशी ओलांडलेला, 'आराधना'ची लाट कधीच ओसरलेली. ज्याच्यावर पोरी जीव टाकत होत्या, तो पिकल्या केसांनी, थकल्या खांद्यांनी उभा राहिला आणि चित्रपट धो धो चालला. दार उघडलं होतं. पण तो पुन्हा नायकाच्या भूमिकांकडं वळला आणि त्या दारातून आत गेलाच नाही. इतक्या मोठ्या ताकदीच्या नटाची उत्तरार्धातली वीसेक वर्षं अशी वाया गेली, याची हळहळ आजही वाटते.

अमिताभनं नेमकं उलट केलं, पण तेही ठेच लागल्यावरच. 1992 च्या 'खुदा गवाह'नंतर विश्रांती घेऊन तो 1997 मध्ये 'मृत्युदाता'तून परतला, तेव्हा चोपन्न वर्षांच्या माणसाकडून पंचविशीतल्या संतापाची अपेक्षा केलेली होती. चित्रपट आपटला. 'लाल बादशाह', 'कोहराम' यांनीही काही हाती लागलं नाही. तिकडं त्याची 'एबीसीएल' कंपनी कर्जात बुडालेली. अखेर यश चोप्रांकडं जाऊन काम मागितल्याचं त्यानं स्वतः सांगितलेलं आहे. त्यातून 'मोहब्बतें'मधला नारायण शंकर मिळाला. शिस्तीनं गोठलेला, तरुणांसमोर हरणारा मुख्याध्यापक. पहिल्यांदाच अमिताभच्या वयाला पडद्यावर किंमत आली.

त्याआधी काही महिने, 3 जुलै 2000 ला, 'कौन बनेगा करोडपती' सुरू झालं होतं. मोठ्या पडद्यावरच्या नटानं टीव्हीवर जाणं म्हणजे पायरी उतरणं, असं तेव्हा सर्रास मानलं जाई. त्या कार्यक्रमातला अमिताभ पाहताना जाणवतं की त्यात अभिनयाचा भाग मोठा आहे. समोरच्या शिक्षकाला किंवा शेतकऱ्याला हॉट सीटवर बसवताना तो किंचित वाकतो, त्याचा घाम पाहून आवाज खाली आणतो, उत्तर बरोबर असतानाही क्षणभर चेहरा कोरा ठेवतो. 'दीवार'मधला जो माणूस कुणापुढं झुकत नव्हता, तो इथं अनोळखी माणसांपुढं अदबीनं झुकत होता. 'ब्लॅक'चा खवळलेला शिक्षक आणि 'पिकू'मधला बद्धकोष्ठानं हैराण झालेला, मुलीला छळणारा भास्कर बॅनर्जी ही पुढची मजल या अदबीच्या पायावर उभी आहे.

नट्यांची गोष्ट वेगळी आहे आणि ती अन्यायाची आहे. नायकाचा पडता काळ चित्रपट पडल्यावर येतो, नायिकेचा लग्न झाल्यावर किंवा पस्तिशी ओलांडल्यावर. श्रीदेवी काही पडली नव्हती. तरी 'जुदाई'नंतर मोठ्या पडद्यावर नायिका म्हणून परतायला तिला 15 वर्षं लागली. 2012 चा 'इंग्लिश विंग्लिश' हा चित्रपट पुण्याच्या गौरी शिंदेनं आपल्या आईच्या आठवणीतून लिहिला, म्हणून त्यातली शशी गोडबोले पुण्याची, लाडू करून विकणारी. मुलीसमोर किंवा नवऱ्याच्या थट्टेसमोर श्रीदेवी जे काही न बोलता गिळते, ते 'चांदनी'तल्या श्रीदेवीला जमलं नसतं आणि तिला कुणी करायलाही दिलं नसतं.

नीना गुप्तांनी तर 2017 मध्ये सरळ इन्स्टाग्रामवर लिहिलं की मी मुंबईत राहते, चांगली नटी आहे, चांगली भूमिका हवी आहे. राष्ट्रीय पुरस्कार मिळालेल्या, 'साँस'सारखी मालिका लिहून-दिग्दर्शित करून दाखवलेल्या बाईला असं जाहीर काम मागावं लागतं, ही या धंद्याची शरम आहे. पाठोपाठ 'बधाई हो' आला. वयात आलेल्या मुलाची आई पुन्हा गरोदर राहते, या लाजेभोवती आणि हट्टाभोवती चित्रपट फिरतो आणि त्याचं केंद्र नीना गुप्ता आहेत. 'पंचायत' मधली मंजूदेवी त्याहून बारीक काम आहे. कागदावर प्रधान, प्रत्यक्षात कारभार नवऱ्याचा. प्रजासत्ताक दिनासाठी ही बाई राष्ट्रगीत घोकायला बसते, अडखळते, वैतागते, पुन्हा सुरुवात करते. त्या अडखळण्यात हसू येतं आणि लगेच वाईटही वाटतं. 2022 च्या 'ऊंचाई'साठी त्यांना पुन्हा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

ही दारं अचानक किलकिली झाली, त्यामागं ओटीटीचा हिशेब आहे. शुक्रवारपासून तीन दिवसांत पैसे वसूल करायचे असतात तेव्हा निर्माता चालणाऱ्या चेहऱ्यावर पैसे लावतो. आठ-दहा भागांच्या मालिकेला मात्र माणसं लागतात. काका, आत्या, ठाणेदार, सरपंच. ती वयाची हवीत, कसलेली हवीत आणि प्रेक्षकाला कुठंतरी पाहिल्यासारखी वाटायला हवीत. 2016 नंतर हे व्यासपीठ आलं, 2020 च्या टाळेबंदीत प्रेक्षक घरी बसला आणि त्याच वर्षी 'पंचायत', 'आर्या' आणि 'आश्रम' आले. 'आर्या'तून सुश्मिता सेन पंचेचाळिशीच्या उंबरठ्यावर पहिल्यांदा खऱ्या अर्थानं गंभीर नटी म्हणून पाहिली गेली.

आणि बॉबी देओल. 'गुप्त', 'सोल्जर'नंतर त्याचा आलेख खाली आला. 'पोश्टर बॉईज' या मराठी चित्रपटाच्या हिंदी अवतारानंही त्याला हात दिला नाही. घरी बसून असल्याच्या, दारूच्या नादी लागल्याच्या त्या काळाबद्दल तो मोकळेपणानं बोलला आहे. 'आश्रम'मधला बाबा आणि 2023 च्या 'अ‍ॅनिमल'मधला मुका अबरार यांनी त्याला पुन्हा डोक्यावर बसवलं. डोक्यावर ग्लास ठेवून केलेला 'जमाल कुडू'चा नाच गल्लोगल्ली गेला. त्याच्या शरीराची, डोळ्यांची, न बोलण्याची ताकद मान्य करावीच लागते. पण ती भूमिका ज्या क्रौर्यावर, विशेषतः बायकांवरच्या क्रौर्यावर, टाळ्या मिळवते, ते नजरेआड करून 'काय कमबॅक आहे' म्हणता येत नाही.

मराठीत पुनरागमनाचा हा प्रकार तितकासा दिसत नाही, याचं श्रेय नाटकाला आहे. सिनेमानं पाठ फिरवली तरी इथला नट प्रयोगांमुळं हाताशी राहतो. अशोक सराफ 'व्हॅक्यूम क्लीनर'चे प्रयोग करत होते, पुढं मालिकेतही आले. त्यांना अडगळीतून बाहेर काढावं लागलं नाही. मात्र त्यांच्या वयाला, त्यांच्या आजच्या चेहऱ्याला धरून लिहिलेला मोठा चित्रपट मराठीत अजून यायचा आहे, आणि तो वेळेत यावा.

बॉबीच्या बाबतीत तर आता घाई करायला हवी. 'अ‍ॅनिमल'नंतर 'कंगुवा', मग 'डाकू महाराज', पुन्हा खलनायक. एका साच्यातून सुटलेला नट दुसऱ्या साच्यात बंद होतोय. त्याचं सर्वांत संयत काम 2020 च्या 'क्लास ऑफ 83' मध्ये आहे. नाशिकच्या पोलीस प्रशिक्षण केंद्रात शिक्षा म्हणून पाठवलेला, बायको गमावलेला, थकलेला अधिकारी. तिथं तो ओरडत नाही, फक्त समोरच्या पोरांकडं पाहतो. त्या नजरेपुढची गोष्ट लिहायला लेखक-दिग्दर्शकांपाशी भरपूर ऐवज आहे.