घड्याळे पुरेत!

संगणकाच्या पडद्यावर मांडायच्या छोट्या साधनांना 'विजेट' म्हणतात. लिनक्सवरील केडीईच्या 'प्लाझ्मा'साठी २००८ पासून ती कोणीही तयार करून इतरांना देऊ शकतो. पण संग्रह चाळला, तर घड्याळे आणि प्रोसेसरचे भारमापक यांचीच गर्दी. उणीव कौशल्याची नाही. गरज कोणी विचारत नाही. एप्रिलमध्ये चंद्रपूरचा पारा ४२ अंशांपुढे जातो. जूनअखेर तो उतरतो, पण दमट हवेत घाम लवकर वाळत नाही. म्हणून तापमान व आर्द्रता एकत्र धरून 'मुलांना मैदानावर न्यावे का?' हे सांगणारे विजेट हवे. भामरागडला पर्लकोटेच्या पुराचा इशारा हवा. विजेट पाहून आपला निर्णय बदलतो का, हीच कसोटी. विद्यार्थ्यांनी आधी गावच्या गरजांची यादी करावी. संगणक नंतर उघडावा.