वेगळी शाळा, सर्वांची शाळा आणि शॅड कुटुंब

कृष्णवर्णीयांच्या लढ्याशी आपले नाते जुने आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केला. १९७२ साली 'दलित पँथर'ने तर आपले नावच तिकडून घेतले. परंतु या नात्यात आपण तिकडचा कवी पाहिला, आंदोलक पाहिला. मास्तर आणि मास्तरीण यांच्याकडे मात्र फारसे पाहिले नाही. कॅनडातील शॅड कुटुंबाचा विचार म्हणूनच अगत्याचा वाटतो.

अब्राहम शॅड हे डेलावेअरमधील स्वतंत्र कृष्णवर्णीय. त्यांचा धंदा जोडे शिवण्याचा. आपल्याकडे हा धंदा माणसाची जात ठरवितो; तिकडे ते काम कातडीचा रंगच करीत होता. मुलांना शिकता यावे म्हणून हे कुटुंब १८३३ साली पेनसिल्व्हेनियात गेले. तेरा मुलांतली थोरली मेरी ॲन (१८२३-१८९३) शिकली आणि लगेच शिकवू लागली. १८५० साली फरारी गुलामांचा कायदा आला आणि स्वतंत्र कृष्णवर्णीयांचीही सुरक्षितता संपली. १८५१ साली तिने सरहद्द ओलांडली आणि कॅनडा वेस्ट या ब्रिटिश वसाहतीतील विंडसर येथे जुन्या लष्करी बराकीत शाळा काढली. पुढे आईवडील व भावंडेही कॅनडात आली. तिच्या बहिणी शिक्षिका झाल्या, भावजय अमेलिया फ्रीमन हिने चॅटममध्ये शाळा चालविली आणि पुतण्या आल्फ्रेड १८९६ साली दूर पश्चिमेकडील किनिस्टिनो वस्तीत शिक्षक म्हणून गेला.

मेरी ॲनचे 'अ प्ली फॉर एमिग्रेशन' (१८५२) हे छोटे पुस्तक साहित्य म्हणून वाचावे काय, असा प्रश्न प्रस्थापित समीक्षक विचारील. त्यात हवामान आहे, जमिनीचा भाव आहे, पिके आहेत, मजुरीचे दर आहेत, शाळा आणि चर्च आहेत. अलंकार फारसे नाहीत. पण ज्याला उद्या घरदार सोडून पळायचे आहे त्या वाचकाला उपमा नको, भाव हवा. वाचकाची गरज ओळखून लिहिणे हीच या गद्याची बांधिलकी. 'प्रोव्हिन्शियल फ्रीमन' हे तिचे वृत्तपत्रही (१८५३) त्याच वृत्तीतून निघाले.

या पुस्तकाचा आणि तिच्या शाळेचा गाभा एका वादात आहे. १८५० च्या शाळा कायद्याने कृष्णवर्णीयांसाठी वेगळ्या शाळा काढण्याची मुभा दिली आणि गोऱ्यांनी त्या मुभेचा उपयोग त्यांना सार्वजनिक शाळेबाहेर ठेवण्यासाठी केला. मेरी ॲनने वेगळी शाळा तत्त्वतः नाकारली. हेन्री आणि मेरी बिब या दांपत्याचे मत असे की, सरकारी वेगळी शाळा मिळत असेल तर ती घ्यावी. हेन्री बिब स्वतः गुलामीतून पळून आलेले. मेरी ॲन जन्माने स्वतंत्र. उपाशी माणूस ताटाचा रंग पाहत नाही, हे बिब यांना ठाऊक होते. मेरी ॲनच्या तत्त्वनिष्ठेत थोडा घरंदाजपणा आहे, हे मान्य केले पाहिजे. शिवाय तिच्या वर्गातही प्रत्यक्षात बहुतेक कृष्णवर्णीयच होते. शाळा आपली वाटावी म्हणून ती पालकांकडून फी घेई. अनेकांना ती देता येत नसे, आणि तिचा आधार होता अमेरिकन मिशनरी असोसिएशनचे वर्षाला १२५ डॉलर. बिब यांच्याशी वाद पेटलेला असतानाच १८५३ साली तो आधारही गेला. दुसऱ्याच्या पैशावर चाललेले तत्त्व किती टिकते, हे यावरून कळते.

या पेचातून वाट दाखवितो बक्स्टनचा अनुभव. अब्राहम शॅड याच परिसरात स्थायिक झाले आणि १८५९ साली रॅले नगरपरिषदेवर निवडून आले. विल्यम किंग या गोऱ्या पाद्र्याने १८४९ साली वसविलेल्या या वस्तीत ५० एकरांचा तुकडा अडीच डॉलर एकराने फक्त कृष्णवर्णीयांनाच मिळे. तेथील शाळेत लॅटिन आणि ग्रीक शिकवीत. ती इतकी चांगली निघाली की गोरे पालकही आपली मुले तेथे घालू लागले आणि गोऱ्यांची जवळची शाळा बंद पडली. लादलेले वेगळेपण आणि उभारलेले स्वत्व यांत हा फरक आहे. पायाखाली जमीन असली की शाळेची किल्लीही हाती राहते.

आपला अनुभव निराळा नाही. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेने एका महार मुलाला प्रवेश नाकारला आणि मुंबई सरकारने तो नकार उचलून धरला. कायदा एक, उंबरठा दुसरा! फुल्यांनी महार-मांगांसाठी शाळा काढल्या. बाबासाहेबांनी १९४६ साली काढलेले सिद्धार्थ महाविद्यालय सर्वांना खुले ठेवले, पण संस्था आपल्या हाती ठेवली. बक्स्टनचे मर्म तेच.

एक गोष्ट मात्र मेरी ॲनच्या पुस्तकाच्या दृष्टीबाहेर राहते. ज्या जमिनीचा भाव ती सांगते ती इंग्रजांनी १७९० च्या करारान्वये मूळ रहिवाशांकडून घेतलेली होती. एका पीडिताचा आसरा दुसऱ्या पीडिताच्या उठलेल्या वस्तीवर उभा होता. इंग्रजी राजवटीने आपल्याला काय दिले याचा हिशेब मांडताना आपल्याकडील आदिवासींचे रान कोणी घेतले, हाही रकाना भरावा लागेल.

ऑन्टॅरिओतील अखेरची वेगळी शाळा १९६५ साली बंद झाली. तेव्हा मेरी ॲनला जाऊन ७२ वर्षे लोटली होती. कायद्याची मुभा मोडायला शतकाहून अधिक काळ लागतो. आज आपल्या खेड्यांत कमी पटाची शाळा बंद करण्याची भाषा ऐकू येते, तेव्हा दलित साहित्याने या शाळांचे, त्यांतल्या मास्तरांचे आणि मास्तरणींचे लेखन मागितले पाहिजे. त्यात अलंकार नसले तरी चालेल. पण शाळेची किल्ली कोणाच्या हाती आहे, हे त्यात आले पाहिजे.